यंत्र उभारले, देखभालीचे काय?

नाशिक जिल्ह्यातील लासलगाव देशाला ठाऊक आहे ते कांद्याच्या बाजारपेठेमुळे. याच गावात अणुऊर्जा क्षेत्रातील एक यंत्रणाही काम करते, याची कल्पना मात्र शहरातील अनेकांना नसते. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२-०३ च्या सुमारास सुरू झाले. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थातून निघणाऱ्या गॅमा किरणांचा ठराविक मारा केला, की साठवणुकीतील कांद्याला मोड येत नाहीत. पुढे आंब्याच्या निर्यातीसाठी या केंद्रात सुधारणा करण्यात आल्या आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याची मान्यता मिळून भारतीय आंबा त्या देशात पोहोचला. या यशाचे कौतुक झाले, ते योग्यच होते. पण या यंत्रणेचा एक स्वभाव कौतुकाच्या भाषणांत येत नाही. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे आहे. यंत्र अहोरात्र चालवा किंवा कुलूप लावून ठेवा, स्रोताची शक्ती दरवर्षी सुमारे १२ टक्क्यांनी घटणारच. वेळच्या वेळी नवा कोबाल्ट भरला नाही, तर पाच-सव्वापाच वर्षांनी तितक्याच कांद्यासाठी दुप्पट वेळ लागतो. आणि कांद्याचा हंगाम कुणासाठी थांबत नाही.

अणुक्षेत्रातील यंत्र एकदा बसवले की काम संपले, असे होत नसते. ते बसवल्या दिवसापासूनच देखभालीची मागणी करू लागते. लासलगावच्या छोट्या केंद्राला लागू असलेला हा नियम अणुसंमीलनाच्या, म्हणजे हलकी अणुकेंद्रके एकत्र आणून ऊर्जा मिळविण्याच्या संशोधनाला कितीतरी अधिक कठोरपणे लागू पडतो. सध्या जगभर आणि भारतातही संमीलन ऊर्जेच्या नव्या योजनांची चर्चा आहे. भारतीय संशोधकांनी २०६० पर्यंतचा आराखडा मांडला आहे. या वातावरणात नवी यंत्रे किती मोठी असतील, त्यांवर किती कोटी खर्च होतील, हे प्रश्न विचारले जातात. ती यंत्रे उघडायची कशी, दुरुस्त करायची कुणी आणि त्यासाठी लागणारा पैसा कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे प्रश्न मागे पडतात. वास्तविक संमीलनाचे भवितव्य याच मागे पडलेल्या प्रश्नांवर अवलंबून आहे.

अलीकडच्या विक्रमांकडेच पाहावे. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्समधील ‘वेस्ट’ या यंत्राने तप्त प्लाझ्मा १,३३७ सेकंद टिकवून धरला. त्याआधी जानेवारीत चीनच्या ‘ईस्ट’ यंत्राने १,०६६ सेकंदांची मजल मारली होती. ‘वेस्ट’ हे नाव नवे असले तरी यंत्र नवे नाही. १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘टोर सुप्रा’ या यंत्राचा अंतर्भाग काढून तेथे टंगस्टनचे अस्तर बसविण्यात आले आणि २०१६ च्या अखेरीस ते नव्या नावाने कामाला लागले. इंग्लंडमधील कलहॅम येथील ‘जेट’ची कथाही हीच. १९८३ मध्ये सुरू झालेल्या या यंत्राची आतील भिंत २००९ ते २०११ या काळात संपूर्ण बदलण्यात आली. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याने एकाच प्रयोगात ६९ मेगाज्यूल ऊर्जा निर्माण करून विक्रम केला. चाळिशी गाठलेल्या यंत्राकडून असा पराक्रम घडतो, याचे श्रेय शास्त्रज्ञांइतकेच ते पुनःपुन्हा उघडून सुधारणाऱ्या अभियंत्यांचे आणि तंत्रज्ञांचे आहे. बातम्यांत त्यांची नावे नसतात.

संमीलन यंत्राची देखभाल इतकी अवघड का, हे समजण्यासाठी त्याची रचना थोडी लक्षात घ्यावी लागेल. टोकामॅक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचे पोलादी निर्वात पात्र. त्याभोवती चुंबकांची वेटोळी असतात. मोठ्या यंत्रांत आतील प्लाझ्माचे तापमान १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. तेथून काही मीटरवर असलेले अतिसंवाहक चुंबक मात्र द्रवरूप हेलियमच्या साह्याने उणे २६९ अंशांच्या आसपास ठेवावे लागतात. एकाच यंत्रात इतका उष्मा आणि इतकी थंडी नांदवायची, तर मधले प्रत्येक वेल्ड, प्रत्येक नळी आणि प्रत्येक जोड निर्दोष हवा. केसाएवढ्या चिरेतून हेलियम झिरपला, की निर्वात बिघडतो आणि सारे काम ठप्प होते. गळती कोठे आहे हे शोधायचे म्हटले तरी आधी यंत्र हळूहळू नेहमीच्या तापमानाला आणावे लागते, मग उघडावे लागते, दुरुस्तीनंतर बंद करून पुन्हा थंड करावे लागते. काही तासांच्या दुरुस्तीसाठी अनेक महिने खर्ची पडतात ते असे.

याहून मोठी अडचण न्यूट्रॉनची. ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांच्या संमीलनातून निघणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ८० टक्के ऊर्जा वेगवान न्यूट्रॉन घेऊन जातात. त्यांच्यावर विद्युतभार नसल्याने चुंबक त्यांना अडवू शकत नाही. ते थेट भिंतीवर आदळतात. धातू ठिसूळ होतो आणि स्वतःच किरणोत्सारी बनतो. अशा पात्रात एकदा का पूर्ण क्षमतेचे प्रयोग सुरू झाले, की पाना घेऊन आत माणूस पाठविण्याचा मार्ग बंद. पुढील प्रत्येक फरशी, प्रत्येक नळी यंत्रमानवी हातांनीच बदलावी लागते. विखंडनावर चालणाऱ्या अणुभट्टीत इंधनाचे गज बाहेर काढता येतात. संमीलन यंत्रात झिजणारा भाग म्हणजे भट्टीची भिंतच आहे.

याचा अनुभव जगाने ‘इटर’ या प्रकल्पात घेतला. दक्षिण फ्रान्समधील कॅडाराश येथे उभारल्या जात असलेल्या या यंत्रात भारत सात भागीदारांपैकी एक आहे. करारावर २१ नोव्हेंबर २००६ रोजी सह्या झाल्या. उभारणीतील सुमारे ९ टक्के वाटा भारताचा असून तो प्रामुख्याने यंत्रभागांच्या रूपाने दिला जातो. जोडणी वेगात असतानाच तेथे दोन दोष उघड झाले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रकल्पाने ते जाहीर केले. निर्वात पात्राच्या काही खंडांच्या कडा, जेथे ते एकमेकांना वेल्ड व्हायचे, अपेक्षित मापात नव्हत्या. दुसरा दोष अधिक कपटी. चुंबकांना उष्णतेपासून वाचविणाऱ्या कवचावरील थंड हेलियमच्या नळ्यांना बारीक चिरा पडल्या होत्या. वेल्डजवळ अडकून राहिलेला क्लोरीनचा अंश आणि नळी वाकविताना-जोडताना धातूत राहिलेला ताण, या दोहोंनी मिळून धातू पोखरला होता. सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या नळ्या बदलण्याची वेळ आली. मे २०२२ मध्ये समारंभपूर्वक खड्ड्यात उतरवलेला पहिला प्रचंड खंड जुलै २०२३ मध्ये पुन्हा बाहेर काढावा लागला. दुरुस्त केलेल्या खंडांपैकी पहिला एप्रिल २०२५ मध्ये जागेवर बसला.

जुलै २०२४ मध्ये प्रकल्पाने नवे वेळापत्रक मांडले. संशोधनाला प्रारंभ २०३४ मध्ये आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये. वाढीव खर्च सुमारे ५ अब्ज युरो. या विलंबावर टीका झाली आणि ती अनाठायी नाही. तथापि एक बाब टीकाकारांनीही मान्य करायला हवी. यंत्र बंद होण्यापूर्वी, आत माणसांना जाता येत असतानाच हे दोष सापडले आणि ते झाकून पुढे जाण्याऐवजी उघड्यावर आणून दुरुस्त केले गेले. प्रयोग सुरू झाल्यावर हीच नळी फुटली असती तर? जपानमधील ‘जेटी-६० एसए’ या यंत्राच्या चाचणीत मार्च २०२१ मध्ये एका चुंबक वेटोळ्याच्या जोडावरील विद्युतरोधक आवरण निकामी झाले. तेवढ्या बिघाडापायी त्याचा पहिला प्लाझ्मा ऑक्टोबर २०२३ पर्यंत लांबला.

‘इटर’च्या या कथेत भारताच्या पदरी काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. यंत्राला बाहेरून वेढणारे सुमारे ३,८५० टन वजनाचे आणि तीस मीटरच्या घरात उंची असलेले निर्वात कवच, म्हणजे क्रायोस्टॅट, भारताने दिले. ‘लार्सन अँड टुब्रो’च्या सुरतजवळील हझिरा येथील कारखान्यात त्याचे भाग तयार झाले आणि अखेरचा भाग जून २०२० मध्ये रवाना झाला. ही कामगिरी अभिमानास्पदच आहे. पण भाग घडवून पाठविणे आणि चालू यंत्राची वर्षानुवर्षे निगा राखणे, ही दोन निराळी कौशल्ये आहेत. पहिल्यात भारताने आपली पात्रता सिद्ध केली. दुसऱ्याची परीक्षा देशातच, गांधीनगरजवळच्या भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत, गेली तीन दशके चालू आहे.

या संस्थेतील ‘आदित्य’ हा भारतात घडविलेला पहिला टोकामॅक १९८९ मध्ये कार्यान्वित झाला. सव्वीस वर्षे प्रयोग केल्यावर तो मोडीत काढता आला असता. त्याऐवजी संस्थेने २०१५ मध्ये तो सुटा केला. जुने चौकोनी छेदाचे पात्र काढून वर्तुळाकार छेदाचे नवे पात्र बसविले. त्यामुळे प्लाझ्मातील मळ बाहेर नेणाऱ्या ‘डायव्हर्टर’ला जागा झाली. तांब्याची वीस मुख्य वेटोळी मात्र जुनीच ठेवली. डिसेंबर २०१६ मध्ये ‘आदित्य-यू’मध्ये पहिला प्लाझ्मा निर्माण झाला. कमी पैशात, स्वतःच्या माणसांकरवी आणि आटोपशीर वेळेत झालेले हे काम गाजावाजा न होता पार पडले.

‘एसएसटी-१’ची वाट अधिक काट्याची होती. अतिसंवाहक चुंबकांचा हा टोकामॅक जोडून झाल्यावर थंड करण्याच्या चाचण्यांत हेलियमची गळती आणि चुंबकांच्या जोडांतील दोष समोर आले. यंत्र चालेना. २००९ मध्ये ते सुटे करून नव्याने जोडण्याची मोहीम हाती घेण्यात आली. सोळाही मुख्य चुंबक एकेक करून थंड अवस्थेत तपासले गेले, सदोष जोड नव्याने केले गेले, उष्णतारोधक कवचे बदलली गेली. जून २०१३ मध्ये पहिला प्लाझ्मा मिळाला. पहिल्या जोडणीच्या वेळीच प्रत्येक चुंबक असा सुटा तपासला असता तर मधली वर्षे वाचली असती, हे आज म्हणणे सोपे आहे. त्या काळी मंजूर रक्कम आणि ठरलेली तारीख यांच्या कैचीत चाचणीचा वेळच सर्वप्रथम कापला जाई. आजही तो कापला जातो. सरकारी प्रकल्पांचा हा जुनाट रोग आहे आणि तो संमीलनापुरता मर्यादित नाही.

दुरुस्तीला हवा तितका वेळ दिला तर काय साधते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे. कॅनडाच्या साह्याने उभारलेली ‘सायरस’ ही संशोधन भट्टी जुलै १९६० मध्ये क्रियाशील झाली. ती विखंडनावर चालणारी होती, हे खरे. पण किरणोत्सारी झालेल्या, माणसाला सहज पोहोचता न येणाऱ्या यंत्राची दुरुस्ती कशी करावी, याचा धडा दोन्हींकडे सारखाच. तीन दशकांच्या वापरानंतर वार्धक्याची लक्षणे दिसू लागली. जमिनीखालील नळ्या गंजल्या होत्या, हेलियमची गळती होत होती. केंद्राने घाई केली नाही. आधी काही वर्षे कोणता भाग किती झिजला याचा अभ्यास केला आणि मग ऑक्टोबर १९९७ मध्ये भट्टी बंद केली. भट्टीच्या आत दूरवरून चालणाऱ्या खास हत्यारांनी काम करावे लागले. ती हत्यारे येथेच बनविली गेली. पूर्ण पाच वर्षांनी, ऑक्टोबर २००२ मध्ये, भट्टी पुन्हा क्रियाशील झाली. नूतनीकरणाच्या ओघात तिच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचे पाणी गोडे करणारा छोटा संचही जोडण्यात आला.

एक यंत्र पाच वर्षे बंद ठेवण्याचे धैर्य केंद्राला कोठून आले? शेजारी १०० मेगावॉटची ‘ध्रुव’ ही भट्टी १९८५ पासून उभी होती, हे त्याचे मोठे कारण मानावे लागेल. जेथे पर्यायी यंत्र नसते तेथे दुरुस्ती पुढे ढकलली जाते आणि पुढे ढकललेली दुरुस्ती अखेरीस बिघाडाच्या रूपाने समोर येते. ‘सायरस’च्या नशिबी पुढे जे आले ते मात्र अभियंत्यांच्या हातातले नव्हते. भारत-अमेरिका अणुकराराच्या वाटाघाटींत दिलेल्या वचनानुसार ३१ डिसेंबर २०१० रोजी ती कायमची बंद झाली. पाच वर्षांची दुरुस्ती आणि आठ वर्षांचा वापर, असा तो हिशेब राहिला. देशातील, नव्हे आशियातील, पहिली भट्टी ‘अप्सरा’ १९५६ ची. तिचे भाग्य निराळे. २००९ मध्ये बंद झालेल्या या भट्टीच्या जागी दुप्पट क्षमतेची, देशी बनावटीचे कमी समृद्ध इंधन वापरणारी ‘अप्सरा-यू’ १० सप्टेंबर २०१८ रोजी क्रियाशील झाली.

हा सारा अनुभव संमीलनाच्या कामी येईल का? ज्ञान कागदावर उतरते. हाताचे कसब कागदावर उतरत नाही. ‘जेट’मध्ये १९९७ च्या ट्रिटियम प्रयोगांनंतर पात्रात माणूस जाऊ शकत नव्हता. तेव्हा १९९८ मध्ये डायव्हर्टरचे भाग संपूर्णपणे दूरनियंत्रित हातांनी बदलण्यात आले. ‘मॅस्कॉट’ नावाचे ते दोन हात चालविणाऱ्याला पाना घट्ट बसला की सैल, हे आपल्या बोटांना जाणवत असे. प्रत्येक हालचालीची आधी बाहेर, हुबेहूब प्रतिकृतीवर, तालीम होई. असा चालक तयार व्हायला वर्षे लागतात आणि तो निवृत्त झाला की त्याची जागा निविदा काढून भरता येत नाही. अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या ‘आर्क’ या आराखड्यात तर चुंबकच उघडता येतील असे जोड सुचविले आहेत, म्हणजे झिजलेले पात्र एकसंध वर उचलून बदलता यावे. देखभालीचा विचार आरेखनाच्या पहिल्या पानावर आणणे ते हेच.

या कसबाचा एक मोठा साठा नाशिकजवळ आहे, याकडे धोरणकर्त्यांचे लक्ष जायला हवे. ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ चा. मिग-२१ विमानांची निर्मिती, पुढे त्यांची श्रेणीवाढ, मिग-२७ ची सुधारणा आणि आता सुखोई-३० ची संपूर्ण उघडून केली जाणारी देखभाल, असा त्याचा प्रवास आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथून तेजस मार्क-१ए झेपावले तेव्हा साऱ्या वृत्तवाहिन्या ओझरला होत्या. सुखोईच्या ओव्हरहॉलची बातमी कुणी क्वचितच करतो. वस्तुतः विमान शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटे करणे, प्रत्येक भागाला त्याचा इतिहास चिकटवून ठेवणे, धातूतील न दिसणारी चीर शोधणे आणि मूळ उत्पादकाने बनविणे थांबविलेला सुटा भाग येथे घडविणे, या चारही गोष्टी संमीलन यंत्राला लागणाऱ्या आहेत. अंबड-सातपूरमधील लहान कारखाने अशा कामांवर वाढू शकतात. त्यांना दहा वर्षांत एकदा येणारी मोठी मागणी नको असते. दरवर्षी येणारे थोडे पण निश्चित काम हवे असते. देखभालीचा कार्यक्रम आधी जाहीर झाला तरच ते शक्य आहे.

गांधीनगरच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मांडलेल्या आराखड्यात ‘एसएसटी-भारत’ हे संमीलन आणि विखंडन यांचा मेळ घालणारे यंत्र सुचविले असून, त्याच्या उभारणीचा अंदाजे खर्च २५,००० कोटी रुपये सांगितला आहे. त्यानंतर २०६० पर्यंत प्रात्यक्षिक संमीलन भट्टी, असे उद्दिष्ट आहे. महत्त्वाकांक्षा योग्य आहे. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी दोन दशकांत संमीलन ऊर्जा माणसाच्या नियंत्रणात येईल, असे भाकीत केले होते. सत्तर वर्षांनंतरही ते खरे ठरलेले नाही, म्हणून त्यांच्या दूरदृष्टीला कमीपणा येत नाही. पण नव्या आराखड्याला मंजुरी देताना अर्थ खात्याने काही नेमके प्रश्न विचारायला हवेत. उभारणीच्या रकमेबरोबर पुढील वीस वर्षांच्या देखभालीची रक्कम बांधून दिली आहे का? आतील भिंत किती वर्षांनी बदलावी लागेल आणि ती बदलण्याची तालीम करण्यासाठी प्रतिकृती कोठे उभारणार? दूरनियंत्रित हात चालविणाऱ्यांची भरती यंत्र तयार झाल्यावर होणार की आज? उभारणीची रक्कम भांडवली खर्चातून येते आणि तिच्यासोबत कोनशिला येते. देखभालीची रक्कम चालू खर्चातून येते आणि काटकसरीची कात्री प्रथम तिच्यावरच चालते. संमीलनाच्या बाबतीत ही सवय परवडणारी नाही, कारण तेथे चुकलेली दुरुस्ती पुढच्या वर्षी करता येत नाही. पुढच्या वर्षी तेथे माणूस जाऊच शकत नाही.

हझिराला घडविलेले क्रायोस्टॅटचे अवाढव्य झाकण कॅडाराश येथे आपल्या वेळेची वाट पाहत आहे. निर्वात पात्राचे नऊही खंड जागेवर बसून जोडले गेले, नळ्या-नळ्यांची गळती तपासून झाली, की २०३४ पूर्वी ते वर चढविले जाईल. त्यानंतर ‘इटर’च्या पोटात डोकावण्याची मुभा क्रमाक्रमाने आटत जाईल आणि उरलेले काम यंत्रमानवी हातांवर येईल. ते हात चालविणाऱ्यांत भारतीय किती असतील, हे मधल्या आठ-नऊ वर्षांत येथे कोण काय शिकतो यावर ठरणार आहे.